फ्रीजरमधली पेंढी

आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी भाताच्या पेंढ्याची एक पेंढी आहे. मधोमध दुमडलेली, मनगटाएवढी जाड, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. बर्फ साफ करताना नवरा दरवेळी विचारतो, हे अजून ठेवायचंय का. मी त्याच्याकडे नुसती बघते आणि तो पुन्हा विचारत नाही, पुढच्या वेळेपर्यंत. पाहुण्यांपैकी कुणी बर्फ काढायला गेलं आणि हाताला ती पिशवी लागली, तर गावाकडचा मसाला आहे म्हणून ठोकून देते.

खरं सांगायचं तर ती उंदरांसाठी ठेवली होती. आमच्या घरात दोन उंदीर होते, पिंजऱ्यात, पाळलेले. आम्ही बदलापूरच्या पुढचे, नदीकाठच्या गावातले आगरी. पिढ्यान् पिढ्या भातशेती केलेली माणसं. आमच्यात उंदीर हा शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारतात. त्यामुळे आमच्याकडे उंदीर पाळलेत ही बातमी गावात पोचली तेव्हा आमच्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं ते मी केलं, असं सगळ्यांचं एकमत झालं. मी पाळले नव्हते. माझ्या मुलीने आणले होते, पण बोलणी आईलाच बसतात.

मुलगी तेव्हा कॉलेजात होती. तिची एक मैत्रीण घर बदलून दुसऱ्या शहरात निघाली, आणि नव्या घरमालकाला उंदीर चालणार नव्हते. म्हणून एका संध्याकाळी माझी मुलगी पिंजरा घेऊन दारात उभी. दोन माद्या. एक करड्या डोक्याची आणि पांढऱ्या अंगाची, दुसरी सबंध पांढरी. इंग्रजी नावं होती त्यांची, ती आता मलाही नीट आठवत नाहीत, कारण माझ्या बापाने पहिल्याच आठवड्यात त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

बाबा त्या आधी सहा-सात महिने आमच्याकडे राहायला आला होता. आमच्याकडे बापाला अहो-जाहो करत नाहीत, तो मान परक्यांसाठी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि त्या वर्षी जमीन गेली. गेली म्हणजे विकली. चुलत्यांचे हिस्से, आत्यांचे हिस्से, सगळ्यांच्या सह्या. आता मुलींच्याही सह्या लागतात. सहीला सगळ्यात आधी मी पुढे झाले होते. बाबाचं वय झालंय, दरवर्षी लावणीला मला रजा टाकावी लागते, किती दिवस हे ओढायचं, असं मी सगळ्यांना पटवून देत होते. बाबाने शेवटी सही केली. डावरा होता तो. त्या कार्यालयातल्या माणसाने पेन उजव्या बाजूला ठेवलं होतं, ते उचलून त्याने डाव्या हातात घेतलं आणि फार वेळ लावून नाव लिहिलं.

शेवटचं भात कापून झाल्यावर शेताभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहिलं, आणि बाबा अंबरनाथला आमच्याकडे आला. सामान म्हणजे एक वळकटी, कपड्यांची पिशवी आणि विळा. विळा कशाला, असं मी विचारलं. त्याने तो फ्रीजच्या मागे उभा करून ठेवला. दिवसभर मी आनंदनगरला कंपनीत, रंगाच्या प्रयोगशाळेत. नवरा शिफ्टला. मुलगी कॉलेजला. तो तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून समोरच्या इमारतीची गॅलरी बघायचा. मला वाटायचं आराम करतोय. माणूस आयुष्यभर चिखलात राबला, आता बसू दे की.

उंदीर आले त्या दिवशी तो पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसला आणि मुलीला म्हणाला, "एवढी वर्सं आम्ही मारलं त्याचं काय मंग?" मुलगी रडवेली झाली. मी म्हटलं, बाबा, ते वेगळे उंदीर असतात. तो म्हणाला उंदीर वेगळा नसतो, जागा वेगळी असते. पण त्याची नजर पिंजऱ्यावरून हलली नाही. थोरलीने त्याच्या बोटाचा वास घेतला, मग नखाच्या कडेला अडकलेली तंबाखू हुंगून शिंकली. तेवढ्यावर तो हसला. गाव सोडल्यावर तो हसलेला मी तेव्हाच पाहिला.

वैऱ्याची माहिती माणसाला मित्रापेक्षा जास्त असते. उंदीर काय करतील ते बाबाला आधीच कळायचं. तो मुलीला सांगायचा, शेताच्या बांधात बीळ खणलं की आत कोठार सापडतं, भाताच्या लोंब्या एकावर एक रचलेल्या, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. असं नीटनेटकं रचणारा माणूस त्याने पाहिला नाही म्हणे. हे बोलताना माझ्या कपाटाकडे बघायचा. मुलगी पिंजऱ्यात वर्तमानपत्राचे तुकडे घालायची, ते त्याला पटेना. कागदावर कोण निजतं, असं त्याचं म्हणणं. पुढच्या रविवारी तो गावी गेला आणि काखेत पेंढ्याची एक पेंढी घेऊन आला.

तिथून तो नेमच झाला. रविवारी सकाळी चहा घेऊन निघायचा, आधी बदलापूर, तिथून सहा आसनी रिक्षाने गाव. दुपारी चुलत्याकडे जेवण आणि संध्याकाळी पेंढी घेऊन परत. लिफ्टमध्ये काड्या सांडायच्या. सोसायटीच्या सेक्रेटरीने मला दोनदा ऐकवलं, की इथे गोठा नाही. मी तोंड कसनुसं करून झाडू मारला. बाबा पेंढी सोडायचा, काड्या बोटभर तोडायचा आणि पिंजऱ्यात टाकून बाजूला बसायचा. थोरली एकेक काडी तोंडात धरून कोपऱ्यात ओढत न्यायची, धाकटी नुसती लोळायची. थोरलीचं घरटं झालं की धाकटी आयती जाऊन झोपायची. आमच्या घरातही एक धाकटी आहे, असं बाबा म्हणायचा. मी एकुलती एक आहे, तरी ते मलाच उद्देशून असायचं.

आणि घरभर तो वास. ज्याने खळं पाहिलं नाही त्याला तो सांगता येणार नाही. उन्हाचा, धुळीचा, किंचित गोडसर. मी लहान असताना झोडणीच्या दिवसांत आम्ही पोरं पेंढ्याच्या उडवीवरून घसरायचो, अंगाला खाज सुटायची, आई रात्री कोमट पाण्याने न्हाऊ घालायची, तरी केसांत तो वास उरायचा. आता तोच वास दर रविवारी माझ्या तीन खोल्यांत भरायचा आणि सोमवारी मला कंपनीत चैन पडायचं नाही. थिनरच्या वासातही तो नाकात राहायचा. मी चिडचिडी झाले. एरवीही माझ्या नाकावर राग असतोच, पण त्या दिवसांत घरातली माणसं माझ्यासमोर जपून बोलायला लागली होती.

माघात थोरली खाजवायला लागली. आधी वाटलं अंग झाडतेय. मग मानेवरचे केस विरळ झाले आणि खांद्यावर खवल्यांसारख्या खपल्या दिसायला लागल्या. मागच्या पायाने इतक्या जोरात खाजवायची की रक्त यायचं. बाबाने बघून निदान केलं, ही खरूज आहे, बैलांना होते. आणि बैलांना जे लावायचो ते त्याने लावलं. करंजाचं तेल. मी कंपनीतून आले तर घरात तेलाचा उग्र वास, थोरली तेलाने चपचपलेली, आणि धाकटी तिला प्रेमाने चाटतेय. दोन दिवसांत दोघींनी खाणं सोडलं. खाजवलेल्या जागी पू धरला. मुलीची परीक्षा तोंडावर होती, ती पुस्तक बाजूला टाकून पिंजऱ्याशी बसून रडत होती.

उंदरांचा डॉक्टर शोधणं सोपं नाही. कुत्र्याचे आहेत, गाईचे आहेत. दोघांनी हसून फोन ठेवून दिला. शेवटी उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात, विठ्ठलवाडीकडून आत गेल्यावर कपड्यांच्या दुकानांच्या वर, एक सिंधी डॉक्टरीण सापडली. बाबाने हट्टाने बरोबर यायचं ठरवलं. स्टीलच्या डब्याच्या झाकणाला भोकं पाडून त्यात दोघींना ठेवलं आणि डबा त्याने मांडीवर घेतला. दवाखान्यात आमच्या एका बाजूला पट्टा लावलेलं भलंमोठं कुत्रं, दुसऱ्या बाजूला टोपलीत केसाळ मांजर. त्या मांजराच्या मालकिणीने डब्याकडे बघून विचारलं, खाना है क्या इसमें? बाबा म्हणाला, हां, इसका खाना. बोट मांजराकडे होतं. बाई उठून लांब जाऊन बसली.

डॉक्टरीण पन्नाशीची, जाड चष्मा, हात अगदी हलका. तिने थोरलीच्या पाठीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलली, काचेवर चिकटवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. मग बाबाला बोलावून म्हणाली, काका, बघा. बाबाने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. मीही पाहिलं. पारदर्शक, आठ पायांचं काहीतरी केसाला धरून वळवळत होतं. माइट्स, ती म्हणाली. अंगावरच राहतात, खाज सुटते, मग खाजवून जखम, मग जखमेत इन्फेक्शन. खरा त्रास जखमेचा होतो. आणि करंजाचं तेल ऐकून तिने कपाळाला हात लावला. जे अंगाला लावाल ते पोटात जाणार, हे लक्षात ठेवा, ती म्हणाली. कुत्र्याची पावडर तर चुकूनही नको.

बाबाने विचारलं, गुरांना ते किड्यांचं इंजेक्शन देतात, तसलं नाही का काही. ती हसली. औषध तेच आहे, म्हणाली, पण बैल आणि ही यांच्यात थोडा फरक आहे ना, काका. वजन करून ती मोजकाच थेंब मानेमागे सोडणार होती, जिथे जीभ पोचत नाही. दोघींना, धाकटीला काही दिसत नसलं तरी. पंधरा दिवसांनी पुन्हा, त्यानंतर आणखी एकदा, कारण अंडी मरत नाहीत, ती फुटून नवे किडे बाहेर येतात. शिवाय जखमेसाठी पोटातून द्यायचं औषध. मग तिने विचारलं, पिंजऱ्यात खाली काय घालता?

बाबा ताठ बसला. "पेंढा. आमच्याकडचा," तो म्हणाला.

ती म्हणाली, पेंढ्यातून येऊ शकतात. दुसरीकडूनही येतात, सांगता येत नाही. सध्या बंद करा, सुती कपडा घाला, रोज बदला. ती तीन वाक्यं बोलली होती. मी पहिलंच ऐकलं.

परतीच्या रिक्षात मी गप्प होते. माझं गप्प बसणं घरच्यांना बोलण्यापेक्षा जास्त कळतं, पण बाबा डब्याच्या भोकांतून आत बघण्यात गुंतला होता. घरी आलो. मुलगी दारातच काय झालं, काय झालं करत आली. मी चप्पल काढली आणि तिथेच, पॅसेजमध्ये उभी राहून बोलले.

"बाबा, ही घाण तू आणलीस घरात. शेत गेलं ना आता? मग पेंढा तरी सोड."

जिभेला हाड नसतं म्हणतात. बाबा म्हणाला, "बरं." एवढंच. मग त्याने गोणपाट घेतलं, पिंजऱ्यातला पेंढा काढला, गॅलरीत ठेवलेल्या दोन पेंढ्या काढल्या, फरशीवर वाकून काडी न् काडी वेचली. सोफ्याखाली हात घालून तिथल्याही काढल्या. मुलगी मदतीला गेली तर तिला नको म्हणाला. गोणपाट खांद्यावर टाकून खाली कचऱ्याच्या डब्याशी ठेवून आला, आणि वर येऊन विचारलं, सुती कपडा कुठला देशील.

त्यानंतरचा दीड महिना मी त्याच्याइतकी कुणी कुणाची सेवा केलेली पाहिली नाही. त्याने स्वतःची दोन जुनी धोतरं फाडली, हातरुमालाएवढे तुकडे केले, रोज उकळत्या पाण्यातून काढून दोरीवर वाळत घातले. सकाळी मिठाचं पाणी उकळून गार करायचा, कापसाचा बोळा भिजवून खपल्या नरम करायचा. कधी ओढून काढायचा नाही, आपोआप सुटेपर्यंत थांबायचा. औषधाचा थेंब कुस्करलेल्या केळ्यात घालून चमच्याच्या टोकावर धरायचा. नखं तर त्यालाच कापू द्यायची थोरली. मी धरली की ती चावायला यायची. तो टॉवेलात गुंडाळून छातीशी धरायचा, मागचा एकच पाय बाहेर काढायचा, आणि डाव्या हाताने नखाचं नुसतं टोक उडवायचा. माझी मुलगी म्हणायची, आजोबा, तुम्ही आधी कुणाची नखं कापलीत? तो म्हणायचा, तुझ्या आईची. लय ओरडायची.

रविवार आले नि गेले. तो गावी जाईना. गुडघे दुखतात म्हणाला, ऊन वाढलंय म्हणाला. घरातला वास गेला. लिफ्टमध्ये काड्या पडेनात, सेक्रेटरी माझ्याशी हसून बोलायला लागला. लाज वाटते सांगायला, पण मला सुटल्यासारखं झालं होतं.

तिसऱ्या वेळेला मी एकटीच दवाखान्यात गेले. त्या दिवशी बाबाचे गुडघे खरोखरच सुजले होते. डॉक्टरीण थोरलीला हातात फिरवून बघत राहिली. जखमा भरल्या होत्या, मानेवर मऊ लव आली होती. कुणी केलं हे, तिने विचारलं. काकांनी? उनको बोलो, मेरे पास नौकरी है. मग हात धुताना सहज म्हणाली, की हे जे माइट्स होते ना, ते उंदरांचेच. थोडे बहुतेकांच्या अंगावर असतातच, आयुष्यभर, कुणाला कळतही नाही. जनावर म्हातारं झालं, कमजोर झालं, जागा बदलली, की एकदम वाढतात. हिचं वय झालंय आता. पेंढ्यातून आले असतील असं मला नाही वाटत. आणि तिला पेंढा आवडत असेल तर द्या की. दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, जे काही असेल ते मरेल, मग घाला.

येताना रिक्षात माझ्या मांडीवर डबा होता आणि आत दोघी खुडबुड करत होत्या. म्हातारं झालं, जागा बदलली, की वाढतं. मी ते वाक्य मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते, आणि दरवेळी गॅलरीत बसलेला बाबा दिसत होता.

घरी येऊन मी सांगितलं. अर्धं सांगितलं. थोरली बरी झाली म्हणाले, डॉक्टरीण नोकरी देतेय म्हणाले. आणि पेंढा फ्रीजरमध्ये ठेवून चालतो, आण हवा तर, असंही म्हणाले, जणू मीच परवानगी देतेय. पेंढ्याचं नव्हतंच ते, माझं चुकलं, एवढं बोलायला जीभ उचलली नाही. जी जीभ पॅसेजमध्ये चप्पल काढता काढता चालली होती ती तिथे जड झाली.

बाबा म्हणाला, "ऱ्हाव दे. आता कपड्यावर सवय लागली त्यांना."

मी ठरवलं, हा आणत नाही तर मी आणते. माफी मागण्यापेक्षा पेंढी आणून देणं सोपं होतं. वैशाखातल्या एका रविवारी, बाजारात जाते असं सांगून, मी गावी गेले. जवळपास दोन वर्षांनी. रिक्षातून उतरल्यावर उजवीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, कारण उजवीकडे आमचं शेत होतं. बघितलंच. पत्र्याच्या वर रानगवत दिसत होतं. अजून काही बांधलं नव्हतं, नुसतं पडलं होतं.

काकू, म्हणजे माझ्या चुलत्याची बायको, ओटीवर कोयतीला धार लावत बसली होती. पेंढा हवाय म्हटल्यावर मला वेड लागल्यासारखं ती माझ्याकडे बघायला लागली. कुठला पेंढा? मी म्हटलं, बाबा न्यायचा तो. तेव्हा तिने सांगितलं. ती उडवी बाबाची वेगळी होती. त्याच्या तुकड्यातलं शेवटचं भात झोडलं, त्याचा पेंढा. त्याने तो यांच्या पेंढ्यात मिसळू दिला नव्हता, गुरांच्या वाड्याच्या कडेला स्वतः रचला होता, वर ताडपत्री बांधली होती. म्हशींना त्यातली काडी घालायची नाही, अशी ताकीद. रविवारी यायचा, वरची एक पेंढी ओढायचा, मग तिथंच उडवीला टेकून बसायचा. जेवायला हाक मारली तर कधी यायचा, कधी नाही. आणि माघात त्याचा फोन आला. म्हणाला, घाला म्हशींना.

"म्हटलं, भावोजी, सगळा? तर बोलले सगळा," काकू म्हणाली. "मंग घातला. पंधरा दिवसांत संपला."

मी ओटीच्या पायरीवर बसले. मला माझा राग आला नाही, राग फार सोपा असतो. मला बाबाची इतकी आठवण आली, की ज्याला मी सकाळी चहा देऊन आले होते तो कधीचाच कुठेतरी निघून गेलाय आणि मला आत्ता कळतंय, असं वाटलं. दर रविवारी तो उंदरांसाठी जात नव्हता. आणि मी इतक्या पेंढ्या उचलल्या, झाडल्या, शिव्या घातल्या, एकदाही नीट बघितल्या नाहीत. बघितल्या असत्या तर कळलं असतं. पेंढी बांधायला पेंढ्याच्याच काड्यांना पीळ देतात. सगळं गाव एका बाजूला पिळतं. डावऱ्या माणसाचा पीळ उलटा पडतो.

काकू आत गेली, बराच वेळ खुडखुड करत राहिली आणि एक पेंढी घेऊन आली. आंब्यांच्या अढीखाली अंथरायला तिने दोन-चार पेंढ्या बाजूला काढल्या होत्या, त्यातली एक न सोडता तशीच राहिली होती. पिकत्या आंब्याचा वास लागला होता तिला. पीळ उलटा होता.

दोन दिवस ती फ्रीजरमध्ये राहिली. डॉक्टरीण म्हणाली होती म्हणून, आणि मला काय बोलायचं ते ठरेना म्हणूनही. मंगळवारी कंपनीतून आले, ती काढली आणि गॅलरीत बाबाच्या हातात दिली. थंडगार होती. त्याने पिळावरून बोट फिरवलं. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की किडे पेंढ्याचे नव्हते, डॉक्टरीण मागेच म्हणाली होती, मी सांगितलं नाही.

बाबा म्हणाला, "ठाव होतं मला. जलमभर बैल त्याच्यावरच निजले."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

त्याने पेंढी मांडीवर आडवी ठेवली. "तू पेंढ्याला नाय बोललीस, पोरी," तो म्हणाला.

मला रडू आलं. मग मी त्याला खरं ते सांगितलं, जे तोवर मलाही धड माहीत नव्हतं. तो वास मला सहन होत नव्हता. सही मी आधी केली होती, आणि दर रविवारी तो वास येऊन मला विचारायचा, की आता कुठे जाशील. बाबा ऐकत होता. मग म्हणाला, मलाही तेच विचारायचा. म्हणून मी जायचो.

त्याने पेंढी सोडली नाही. पीळ तसाच ठेवून मधल्या सात-आठ काड्या ओढून काढल्या, बोटभर तोडल्या आणि पिंजऱ्यात टाकल्या. थोरली सावकाश आली. म्हातारपणाने मागचे पाय ओढायला लागली होती. तिने एक काडी तोंडात धरली आणि कोपऱ्यात नेली, मग दुसरी. धाकटी लोळली. उरलेली पेंढी बाबाने दुमडून पिशवीत घातली आणि स्वतः जाऊन फ्रीजरमध्ये ठेवली. आता किड्यांची भीती नाही, बाहेर ठेव, असं मी म्हटलं. तो म्हणाला, असू दे, तिथं टिकेल.

थोरली त्याच पावसाळ्यात गेली, धाकटी दिवाळीनंतर. दोघींनाही बाबाने सोसायटीच्या कुंपणाशी, लिंबाखाली, विळ्याने खड्डा करून पुरलं. विळा तेवढ्यासाठी फ्रीजमागून निघाला. मुलगी आता बंगळूरला नोकरीला आहे. बाबा जाऊन दीड वर्ष झालं. शेवटचे काही रविवार आम्ही दोघं गावी जायचो, काकूच्या ओटीवर बसायचो, उजवीकडे बघायचो. आता तिथे सात मजले झालेत.

पेंढी फ्रीजरमध्ये आहे. थंड असताना तिला काहीच वास नसतो, नुसती काड्यांची जुडी. दोन्ही तळव्यांत धरून बसावं लागतं, पाच-दहा मिनिटं, अंगची ऊब लागेपर्यंत. मग आधी आंबा येतो, आणि त्याच्या मागून ते दुसरं येतं. मी डोळे मिटून बसते. पण प्रत्येक वेळी तो वास थोडा कमी येतो, हे माझ्या लक्षात आलंय. रंगाच्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलं माझं, उडून जाणारं उडून जातं हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून हल्ली मी ती फारशी काढत नाही. या वर्षी एकदाच काढली.